घरातलं माणूस गेल्यावर टीव्ही पुन्हा कधी लावलात?

सांजवात · रात्री १०:५०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. इथल्या काही जणांना माहीत आहे, ज्येष्ठात माझी आई गेली. ज्यांनी निरोप पाठवले, फोन केले, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. तेव्हा उत्तर द्यायचं सुचलं नाही.

आज एक विचारायचंय. तुमच्या घरात कुणी गेल्यावर टीव्ही, रेडिओ, गाणी पुन्हा कधी सुरू झाली? पहिल्यांदा कुणी लावलं? आणि तुम्हाला तेव्हा काय वाटलं?

का विचारतेय ते सांगते. कराडच्या घरी आईला हॉलमध्ये ठेवलं होतं, त्यामुळे दिवाही तिथेच लावला, टीव्हीच्या बरोबर खाली. जमिनीवर पीठ पसरून त्यावर पणती. दहा दिवस ती विझू द्यायची नाही म्हणून मी आणि मावशी रात्री आळीपाळीने उठायचो, तेल घालायचो, वात पुढे सरकवायचो. अंधारात खाली ती ज्योत आणि वर टीव्हीचा लाल ठिपका. भिंतीवरचं बटण बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आईची मालिका साडेसातची. तीन वर्षं एक भाग चुकवला नाही तिनं. जाहिराती लागल्या की शेजारच्या काकूंचा फोन यायचा, की पाहिलंस का गं, आता काय होणार. त्या दिवसांत हॉल पाहुण्यांनी भरलेला असायचा, पण साडेसात झाले की मी, मावशी आणि अण्णा, तिघंही घड्याळाकडे बघायचो. बोलायचं कुणीच नाही.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं, पाहुणे पांगले. चौदाव्या दिवशी संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि बाहेरून त्या मालिकेचं शीर्षकगीत ऐकू आलं. तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आले. अण्णा तिच्या खुर्चीत बसलेले, हातात रिमोट. रिमोटला आईनं दुधाची पिशवी धुऊन घातलेली, वरून रबर. मी म्हणाले, "चौदा दिवससुद्धा धीर निघाला नाही का तुम्हाला?"

अण्णांनी टीव्ही बंद केला. काहीच बोलले नाहीत. रात्री अर्धी भाकरी तशीच ताटात ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला निघून आले. आता दीड महिना होत आला. फोनवर "जेवलात का, गोळी घेतली का" एवढंच चालतं. टीव्ही लावता का, हे विचारायचं धाडस होत नाही.

---

काळी माती · रात्री ११:२०

ताई, आधी तुमच्या आईंना श्रद्धांजली.

मी नगर जिल्ह्यातला. आमच्याकडे दशक्रियेला नदीवर प्रवचन असतं. सकाळी सातलाच माणसं जमतात, माइक लावलेला असतो, एकीकडे भटजींचं चाललेलं असतं आणि दुसरीकडे महाराज बोलत असतात. आमच्या दादांच्या दहाव्याला, म्हणजे वडिलांच्या, आलेले महाराज फार रंगवून सांगणारे होते. त्यांनी सासू-सुनेचा एक दृष्टान्त दिला आणि पाचशे माणसांत हशा पिकला. मी डोकं भादरलेला, उघड्या अंगानं पिंडासमोर बसलेलो, आणि मलाही हसू आलं. अगदी पोटातून.

हसलो आणि लगेच कानकोंडा झालो. वाटलं, लोक काय म्हणतील, बाप जाऊन दहा दिवस नाही झाले. तेवढ्यात शेजारी बसलेल्या चुलत्यांनी मांडीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "हस. त्याला कीर्तन लई आवडायचं." मग कावळा शिवेपर्यंत आम्ही दोघं दादांच्याच गोष्टी सांगत बसलो.

टीव्हीचं म्हणाल तर आमच्याकडे तेराव्यानंतर लहान पोरांनी लावला. कार्टून. कुणी अडवलं नाही.

---

पेटीमास्तर · रात्री ११:४५

सांजवात, तुझ्या आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी आपल्या कराडच्या भेटीत मी खाल्ली होती. तिची तिखट चव अजून लक्षात आहे.

तुझं लिहिणं वाचून बालगंधर्वांची हकिकत आठवली. आमच्या गुरुजींकडे ती किती वेळा ऐकली असेल. १२ मार्च १९११, 'मानापमान'चा पहिला प्रयोग, बालगंधर्व भामिनी. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली. प्रयोग रद्द करता आला असता, कुणी बोल लावला नसता. पण ते रंगले, उभे राहिले आणि गायले. नाटक डोक्यावर घेतलं लोकांनी.

लहानपणी मला ही गोष्ट त्यागाची वाटायची. माझा धाकटा भाऊ गेला आणि आठव्या दिवशी मला एका भजनाला पेटीवर बसावं लागलं, तेव्हा ती वेगळी समजली. ते दोन तास सोडले तर त्या महिन्यात मला श्वास घेता आला नव्हता. बोटांना पट्ट्या माहीत होत्या, मला काही ठरवावं लागत नव्हतं. तुझ्या वडिलांना साडेसात वाजता काय करायचं ते माहीत असेल, बाकी दिवसभराचं कळत नसेल.

---

दूरदेशी · रात्री १२:१०

मास्तर, आदर ठेवून थोडं वेगळं बोलतो. बालगंधर्व गाणारे होते. तिकिटं गेलेली, कंपनीचं पोट त्या प्रयोगावर, लोक येऊन बसलेले. तुम्हीही वाजवणारे. बघणाऱ्या-ऐकणाऱ्यावर असं कसलंच बंधन नसतं. त्याला टीव्ही बंद ठेवता येतो. सांजवातला जे लागलं ते मला पूर्ण कळतं.

माझी गोष्ट उलटी आहे. एप्रिल २०२१ मध्ये बाबा नाशिकला गेले, कोविडनं. मी न्यू जर्सीत. विमानाचा प्रश्नच नव्हता. स्मशानात आत एकालाच सोडत होते, त्या चुलतभावानं फोन धरला, चार मिनिटं दिसलं, मग नेटवर्क गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला माझी मीटिंग होती आणि मी ती केली. इथे कुणाला सुतक माहीत नाही, कुणी घरी येऊन बसत नाही, पिठलं-भात आणून देत नाही. मी सांगितलंच नव्हतं कुणाला.

मग मी एकच केलं. गाडीतली गाणी बंद केली. किराणा असो, औषधं असोत, कुठेही जाताना काच वर आणि नुसता रस्त्याचा आवाज. तेरा दिवस. ती शांतता हेच माझं सुतक होतं. ती कुणी मोडली असती तर मीही ओरडलो असतो.

---

मु. पो. वेंगुर्ला · सकाळी ७:१५

रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. माझ्या आजीचं सांगते.

आजोबा गेले ते जत्रांच्या दिवसांत. आमच्याकडे कार्तिकापासून गावोगावी जत्रा सुरू होतात आणि रात्री देवळाच्या आवारात दशावतार. आजोबांना त्याचं वेड. दहा मैल चालत जायचे, पहाटे दहीकाला झाला की मगच घराकडे पावलं. ते गेले आणि सातव्या दिवशी आमच्याच गावची जत्रा आली. सुतकात देवळाची पायरी चढायची नाही, त्यामुळे घरातून कुणी जाणार नव्हतंच. पण देऊळ मळ्याच्या पलीकडे. रात्री सगळं ऐकू येतं. मृदंग, झांज, पेटी, संकासुर आला की पोरांचा गलका.

माझ्या काकांनी पडवीची दारं लावून घेतली, आईला त्रास नको म्हणून. आजी उठली, दार उघडलं आणि पडवीत सारवलेल्या जमिनीवर जाऊन बसली. काका म्हणाले, आई थंडी आहे. ती म्हणाली, "तेंका आवडायचा ता. माका आयकूक होया."

पहाटेपर्यंत बसली होती. मी तिच्या मांडीवर झोपले होते. मध्येच जाग आली तेव्हा ती मृदंगाच्या ठेक्यावर माझ्या पाठीवर थोपटत होती.

---

घाटमाथा · सकाळी ९:३०

दूरदेशी, बघणाऱ्यावर बंधन नसतं हे खरं. बघणाऱ्याची म्हणून माझी एक आठवण.

एप्रिल १९९९ मध्ये माझे वडील गेले. मी एकोणीस वर्षांचा, दादरच्या चाळीत राहायचो. मी रडलोच नाही. थोरला मुलगा, अग्नी द्यायचा, माणसं सांभाळायची, आईला बघायचं. सगळे म्हणायचे पोरगा फार खंबीर. आमच्या खोलीत टीव्ही बंद होता, आणि मी कुणाकडे जाऊनही बघत नव्हतो. मे महिन्यात विश्वचषक सुरू झाला तरी नाही.

१९ मेला प्रा. रमेश तेंडुलकर गेले. आमच्या भागात त्यांना सचिनचे वडील म्हणून ओळखायच्या आधीपासून कीर्ती कॉलेजातले मराठीचे सर म्हणून ओळखणारी माणसं होती. कवी होते ते. सचिन इंग्लंडहून आला. त्याच दिवशी लेस्टरला झिम्बाब्वेशी सामना होता, तो आपण तीन धावांनी हरलो. मग त्याच्या आईनंच त्याला परत जायला सांगितलं.

२३ मे, रविवार, ब्रिस्टल, समोर केनिया. शेजारचे नाना मला हाताला धरून त्यांच्या खोलीत घेऊन गेले. मी दारातच उभा. सचिननं शतक केलं, बॅट वर केली आणि आभाळाकडे बघत राहिला. मी तिथेच चौकटीला धरून खाली बसलो आणि जे रडलो... नानांच्या बायकोनं टीव्हीचा आवाज बारीक केला, बंद नाही केला. कुणी समजूत घातली नाही. तो नाबाद १४० वर राहिला, द्रविडचंही शतक झालं, पण ते मी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं.

त्या दिवशी टीव्हीसमोर गेलो नसतो तर ते रडणं कधी बाहेर आलं असतं, मला माहीत नाही.

---

सांजवात · सकाळी १०:०५

ऑफिसमध्ये आहे, बाथरूममध्ये जाऊन वाचलं सगळं. घाटमाथा, वेंगुर्लाताई, काय लिहू. संध्याकाळी परत येते.

---

खिडकीतली · दुपारी २:४०

एक गोष्ट अजून कुणी बोललेलं नाही, म्हणून मी बोलते.

तुझ्या वडिलांनी चौदाव्या दिवशी टीव्ही लावला. तू रागावलीस, पण भावकीतलं कुणी काही म्हणालं का? नसेल म्हणालं. आता उलटं धरून बघ. अण्णा आधी गेले असते आणि चौदाव्या दिवशी आईनं तिची मालिका लावली असती तर?

२००९ मध्ये माझे वडील गेले. आई सकाळी उठल्यापासून रेडिओ लावणारी. ओट्यावर, मसाल्याच्या डब्याशेजारी तिचा छोटा ट्रान्झिस्टर, विविध भारती. बाबा हयात असताना, आजारपणात, पोरींच्या परीक्षांत, कधी बंद नव्हता. पाचव्या दिवशी चहा टाकताना तिचा हात सवयीनं गेला आणि खटका दाबला गेला. दोन ओळी वाजल्या असतील गाण्याच्या. बाहेरच्या खोलीत आत्या बसल्या होत्या. त्या आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "हिला काही झालंय असं वाटतंय का?"

आईनं रेडिओ बंद केला. सेल काढून डब्यात ठेवले. त्यानंतर तीन वर्षं त्या घरात रेडिओ वाजला नाही. आम्ही बहिणी आलो की लावायचो, आम्ही गेलो की बंद. नंतर लावायला लागली, पण आवाज इतका बारीक, की ओट्याला कान लावला तरच कळावं.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांसाठीही परिपत्रक काढलं. मी ती बातमी कापून ठेवली आहे. रेडिओचं कलम त्यात नाही, असायची गरजही नाही, पण बाई पुन्हा हसलेली-गाणं ऐकलेली खपत नाही, हे त्यातलंच आहे.

म्हणून सांगते, अण्णांना लावू दे. आणि उद्या तुझ्या शेजारपाजारच्या कुणा बाईनं लावला तर तिच्याही बाजूनं उभी राहा.

---

निळाई · दुपारी ४:१०

खिडकीतली, तुमच्या आईंचं वाचून हात थांबला. फार वाईट वाटलं.

आमच्याकडे वेगळी पद्धत आहे, ती सांगावीशी वाटली. आम्ही बौद्ध. जलदान आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना होते, त्रिसरण-पंचशील होतं, आणि पुष्कळ घरी त्याच दिवशी बुद्ध-भीमगीतांचा कार्यक्रम ठेवतात. माझ्या आजीच्या वेळी गायनपार्टी आली होती, ढोलकी, पेटी, कोरस. आजी स्वतः गाणारी. जात्यावर, शेतात, जयंतीला, सगळीकडे गायची. पार्टीतल्या शाहिरांनी तिच्या आवडीचं गाणं घेतलं आणि समोर बसलेल्या तिच्या वयाच्या बायांनी तोंडाला पदर लावून का होईना, साथ दिली.

गाणं बंद ठेवून दुःख पाळायचं, हे मला कॉलेजच्या मैत्रिणींच्या घरी गेल्यावर कळलं.

---

पेटीमास्तर · संध्याकाळी ५:३०

निळाई, ऐकून बरं वाटलं. यावरून एक आठवतं. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराबाई गेल्या, तेव्हा रेडिओवरची सगळी गाणी थांबली. सकाळ-संध्याकाळ सारंगी. आमच्या वाड्यातली पोरं ती सारंगी ऐकली की घाबरायची, पुढे कितीतरी वर्षं. ६ फेब्रुवारी २०२२ ला लताबाई गेल्या, देशाचा दोन दिवसांचा दुखवटा होता, झेंडे अर्ध्यावर. आणि घराघरांतून, रिक्षातून, दुकानांतून वाजत काय होतं? त्यांचीच गाणी. त्यांचा दुखवटा दुसरा कसा पाळणार होतो आपण?

दूरदेशी, तुझी गाडीतली शांतता मला पटली. रात्रभर तिचाच विचार करत होतो. मी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या बाजूनं बोललो, ते तुला लागू नव्हतं.

---

दूरदेशी · संध्याकाळी ६:२०

मास्तर, असं म्हणू नका. घाटमाथांचं वाचल्यापासून मीही थोडा हललोय.

तेरा दिवसांनंतर गाडीत पहिल्यांदा काय लावलं ते लिहायचं राहिलं. गाणं नाही. बाबांनी पाठवलेले व्हॉइस मेसेज. त्यांना टाइप करायचा कंटाळा, सगळं बोलून पाठवायचे. त्यात एक होता, दोन मिनिटांचा, द्राक्षाचे भाव आणि गल्लीतलं कुत्रं. मागे त्यांचा टीव्ही चालू, बातम्या लागलेल्या. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून तो मी चार वेळा ऐकला. चौथ्यांदा तर बाबांपेक्षा मागच्या टीव्हीचाच आवाज ऐकत होतो. घराचा आवाज तोच होता.

---

काळी माती · रात्री ९:००

सांजवातताई, गणपती येतोय. वर्षाच्या आत आहे, तुमच्याकडे बसवणार का? आमच्याकडे त्या वर्षी भावकीतल्या दुसऱ्या घरी बसवला होता. दिवाळीला फराळ केला नाही, पण शेजाऱ्यांनी इतका आणून दिला की उतू गेला. कंदील मात्र लावला नव्हता, तेवढा डोळ्यांना खुपायचा. तुम्ही आधी कराडला जाऊन या. फोनवर हे मिटायचं नाही.

---

सांजवात · रविवारी, रात्री १०:३०

कराडहून आत्ताच आले. सगळ्यांचं वाचूनच शनिवारी पहाटेची एसटी पकडली होती.

अण्णांना येतेय म्हणून सांगितलं नव्हतं. दुपारी जेवलो, भांडी घासली, दोघंही इकडचं-तिकडचं बोलत राहिलो. माफी मागायची म्हणून गेले होते, पण तोंडातून शब्द निघेना. सव्वासातला दाराची कडी वाजली. शेजारच्या काकू. हातात वाटीभर ओल्या शेंगा, उकडलेल्या. मला बघून गडबडल्या, परत फिरायला लागल्या. अण्णा म्हणाले, "या या वहिनी. लेकीला माहितेय."

म्हणजे त्या रोज येत होत्या. मी पुण्याला आले त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून.

अण्णांनी मालिका लावली. आईच्या खुर्चीत काकूंना बसवलं, स्वतः दिवाणावर. आणि पहिल्या पाच मिनिटांतच विचारलं, "ही कोण?" काकू म्हणाल्या, धाकट्याची बायको. "मग घरातून गेली होती ती?" ती मोठी, तिला परत आणलं गुढीपाडव्याला. अण्णा मान हलवत होते, शाळेतल्या पोरानं फळ्याकडे बघावं तसे बघत होते.

मी विचारलं, अण्णा, तुम्हाला कधीपासून आवडायला लागली ही मालिका? ते टीव्हीकडेच बघत म्हणाले, "आवडत नाही. ती रोज रात्री जेवताना सांगायची मला, आज काय झालं ते. तीन वर्षं. मी पेपर वाचत हं हं करायचो. एकाही माणसाचं नाव माहीत नाही मला त्यातलं. त्या दिवशी म्हटलं, बघावं तरी."

जाहिराती लागल्या. काकूंचा हात पदराखालच्या फोनकडे गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी शेंगांची वाटी उचलून माझ्यापुढे धरली.

माफी मी रात्री मागितली, अंथरुणं घालताना. अण्णा म्हणाले, "तू तिची लेक, तू नाही बोलणार तर कोण बोलणार," आणि उशीचा अभ्रा सरळ करत राहिले.

काळी माती, गणपती यंदा धाकट्या काकांकडे, ठरलंय. खिडकीतली, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. शक्य असेल तर त्यांच्या आवडीचं एखादं गाणं कळवा, मला घरी मोठ्या आवाजात लावायचंय. घाटमाथा, तुमच्या नानांच्या बायकोनं आवाज बारीक केला पण बंद केला नाही, ते मी एसटीत मावशीला वाचून दाखवलं.

रिमोटचं रबर तुटायला आलं होतं, ते बदललं. सेट टॉप बॉक्सचं पॅक वीस तारखेला संपत होतं, सहा महिन्यांचं भरून आले. पुढच्या शनिवारी परत जाणार आहे. त्या धाकट्या सुनेचं काहीतरी बिनसलंय, काकू म्हणाल्या या आठवड्यात कळेल.